मानसशास्त्र शिकून सामाजिक क्षेत्रात काम करायचंय? मग असं शिका

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका बाईंना 'मध्यम नैराश्य' असं लेबल लावून मोकळी झाले होते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मे महिना, पत्र्याचं घर. हातात पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य चाचपण्याच्या प्रश्नावलीचा कागद. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. झोप लागते का? "कुठली झोप." थकवा? "रोजचाच." भूक? "जेवायला बसायला सवड तर पाहिजे." कामात लक्ष? "कशातच नाही लागत." चार प्रश्नांना तीन-तीन, बाकीच्यांना शून्य. बारा गुण. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि उठता उठता, काहीतरी बोलायचं म्हणून, दाराशी लावलेल्या रिकाम्या ड्रमांबद्दल विचारलं.

"नळाचा नेम नाही ना ताई. चौथ्या दिवशी येतो म्हणतात, येतो सातव्याला, ते पण रात्री दोनला नाहीतर तीनला. एक दिवस चुकला की आठवडा गेला. म्हणून रोज जागंच राहायचं." आणि सकाळी सातला खुरपणीला.

त्यांना नैराश्य नव्हतंच असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माझ्या बारा गुणांतले निम्मे तरी नगरपालिकेच्या वेळापत्रकाचे होते, आणि मला ते पदवीत कोणी शिकवलं नव्हतं. मानसशास्त्राचं पुस्तक माणसाच्या आत बघायला शिकवतं. सामाजिक क्षेत्रातलं काम आजूबाजूलाही बघायला लावतं: रेशनकार्ड, कर्ज, नळ, सासर, रस्ता. दोन्ही नजरा एकदम तयार करायच्या असतील तर अभ्यास जरा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. बारावी झालेल्या, बीएला असलेल्या किंवा बीए करून 'आता पुढे काय' म्हणणाऱ्यांसाठी तीच पद्धत पुढे लिहिते आहे.

आधी काम बघा, मग अभ्यासक्रम निवडा

बहुतेक जण उलट करतात. आधी प्रवेश घेतात आणि तिसऱ्या वर्षाला विचारतात, "ह्याच्यावर नोकरी कुठली मिळते?" त्याऐवजी एक संध्याकाळ काढा आणि महाराष्ट्रात हे काम खरंच कुठे चालतं ते पाहून घ्या.

मुलांसोबत काम करायचं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं असतात. शिवाय बालगृहं आणि निरीक्षणगृहं आहेत. महिलांच्या प्रश्नात रस असेल तर पोलीस यंत्रणेतच बसणारा 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, ही त्यातली कल्पना. हिंसा सोसणाऱ्या बायकांना सगळी मदत एकाच छताखाली देणारं सखी वन स्टॉप सेंटरही ह्याच वाटेवर आहे.

आरोग्याकडे कल असेल तर एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला चमू (हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे), ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, आणि व्यसनमुक्ती केंद्रं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. तिथे बरे झालेले रुग्णमित्रच कार्यकर्ते म्हणून काम करताना दिसतात. पदवी नसलेला माणूस पदवीवाल्यापेक्षा कुठे आणि का सरस ठरतो, हे तिथे चांगलं कळतं.

हाच मुद्दा गोव्यात रीतसर तपासला गेला. 'संगत' ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं, तर नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना उपयोग होतो का, ह्यावरचा त्यांचा 'मानस' प्रयोग २०१० मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत उपयोग झाल्याचं दिसलं. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना असंच तयार केलं. तुम्ही मानसशास्त्र शिकलात तर उद्या अशा कार्यकर्त्यांना शिकवणं, त्यांच्या अडलेल्या केसमध्ये सोबत बसणं हेही तुमचं काम असू शकतं. मला स्वतःला हे काम खोलीत बसून एकेकाला भेटण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, पण ते आवडीवर आहे.

आता खरं काम. जिल्हा परिषद, महिला व बाल विकास किंवा आरोग्य विभागाच्या कंत्राटी भरतीच्या तीन-चार जुन्या जाहिराती मिळवा आणि फक्त 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना वाचा. एक गोष्ट लगेच दिसेल: काही पदांना एमएसडब्ल्यूच (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) लागतं, काहींना 'समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र' चालतं, आणि नुसत्या बीएवर मिळणारी कामं क्षेत्रीय कार्यकर्ता किंवा काळजीवाहक ह्या पातळीची असतात. तो रकाना मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढचे तीन निर्णय त्याच्याकडे बघून घ्यायचे आहेत.

कॉलेज निवडताना

इथे फार वेळ घालवायला नको. शाखा कुठलीही असो, बारावीनंतर बीएला मानसशास्त्र घेता येतं. प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन गोष्टी बघा: मानसशास्त्राची प्रयोगशाळा कुलूप लावून ठेवलेली आहे की वापरात आहे, आणि पूर्णवेळ शिक्षक किती आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुय्यम विषय निवडायची सोय असेल तर समाजशास्त्र घ्या. इंग्रजी साहित्य घेतलं म्हणून बिघडत नाही, पण जात, नातेसंबंध, स्थलांतर, शेती ह्यांची भाषा समाजशास्त्रातच मिळते आणि ती कामाला रोज लागते.

माध्यमाबद्दल खूप जण घाबरतात. मराठी माध्यमातून शिकलात तर काही बिघडत नाही, उलट फायदाच आहे. फक्त इंग्रजी संज्ञांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण एमएचे संदर्भ आणि प्रवेशपरीक्षा बव्हंशी इंग्रजीत असतात.

कुठला पेपर कशासाठी

विकासात्मक मानसशास्त्र हा ह्या क्षेत्रातला सगळ्यात कामाचा पेपर, आणि मुलं तो टप्प्यांची नावं पाठ करून संपवतात. जॉन बोल्बीची आसक्तीची उपपत्ती (लहानपणी मायेच्या माणसाशी जडलेलं नातं पुढच्या वाढीचा पाया असतं) शिकाल, तेव्हा लगेच एक प्रयोग शोधून वाचा: रोमानियातल्या बुखारेस्टचा. २००० च्या सुमारास तिथल्या अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेतली गेली, आणि निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत पाठवली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ सरस राहिली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना जवळीक जोडण्याच्या बाबतीत जास्त फायदा झाला. आता आपला बाल न्याय कायदा वाचा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. आणि मग महाराष्ट्राची बालसंगोपन योजना बघा. आई किंवा वडील नसलेल्या, अडचणीतल्या मुलाला घरीच वाढवता यावं म्हणून दरमहा २२५० रुपये. एकच धागा: एक उपपत्ती, एक कायदा, एक अर्ज. परीक्षेत पहिलंच विचारतील. नोकरीत तिसरं भरून द्यावं लागेल, आणि तो अर्ज का भरायचा हे फक्त पहिल्यातून कळतं.

बालगृहात चार दिवस काढले तरी हे दिसतं. एक आठ वर्षांचा मुलगा जेवणातली अर्धी पोळी चड्डीच्या खिशात घालून न्यायचा. गादीखाली वाळक्या पोळ्यांची चळत सापडली, मुंग्या झाल्या, म्हणून मावशी त्याला ओरडल्या. पुस्तक हातात असलेल्या मला ह्या वागण्याचं शास्त्रीय नाव माहीत होतं, उपाय माहीत नव्हता. उपाय मावशींनीच काढला, दोन दिवसांनी, कुणाला न सांगता: झाकणाचा डबा आणून दिला. "ह्यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत." महिन्याभरात डबा बहुतेक वेळा रिकामा राहू लागला.

सामाजिक मानसशास्त्र सोपं वाटतं म्हणून वरवर होतं. त्यातला मदत न करणाऱ्या गर्दीचा भाग, १९६८ चे लॅटाने आणि डार्ली ह्यांचे प्रयोग, नीट वाचा आणि स्वतःला विचारा: शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो तेव्हा आख्खी चाळ का गप्प असते? जनजागृतीचा कार्यक्रम आखताना ह्याचं उत्तर लागतं. सगळ्यांना उद्देशून 'पुढे या' म्हटलं की कोणीच येत नाही. दोन घरांना नावानिशी जबाबदारी दिली की ती येतात.

असहायतेचा धडाही असाच. सेलिगमन आणि मायर ह्यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की सुटका नसलेला त्रास वारंवार झाला की प्राणी नंतर दार उघडं असूनही हलत नाही. बहुतेक नोट्स इथे थांबतात. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं करून मांडलं: हातपाय गाळणं ही मूळ प्रतिक्रियाच आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. हा फरक कामात मोठा आहे. निवारागृहात आलेल्या बाईला "तुम्ही खचू नका" सांगून काही होत नाही. तिला छोटे निर्णय परत द्यावे लागतात: कुठल्या खाटेवर झोपायचं, चहा कधी, फोन आधी बहिणीला की भावाला. आम्ही संस्थेच्या सोयीसाठी हे सगळं स्वतःच ठरवून टाकतो.

अपसामान्य मानसशास्त्र सगळ्यांना आवडतं. दुसऱ्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या सगळ्यांना काही ना काही विकार असल्याचा शोध लागतो. चालायचंच. फक्त एक शिस्त आत्ताच लावा: आपण निदान करायचं नाही, वर्णन करायचं. "तीन महिने अंघोळ नाही, भिंतीशी बोलतो, रात्री घराबाहेर जातो" असं लिहिलेलं पत्र मनोविकारतज्ज्ञाला उपयोगी पडतं. "स्किझोफ्रेनिया वाटतो" हे पत्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं आणि गावात फुटलं तर त्या मुलाचं लग्न, घर, सगळं अडतं.

आणि संख्याशास्त्र. हो, तोच पेपर. माझ्या बारा गुणांची गोष्ट आकड्यांत मांडते. पीएचक्यू-९ च्या २००१ च्या मूळ अभ्यासात १० गुणांची रेषा धरली तर खरोखर नैराश्याचा विकार असलेल्यांतले ८८ टक्के पकडले जात होते आणि नसलेल्यांतले ८८ टक्के बरोबर वगळले जात होते. ऐकायला छान. आता समजा वस्तीतल्या १०० जणींपैकी १० जणींना खरंच आजार आहे. त्यांतल्या साधारण ९ जणी पकडल्या जातील. उरलेल्या ९० जणींपैकी १२ टक्के, म्हणजे ११ जणी, आजार नसताना रेषेच्या वर येतील. तुमच्या यादीत २० नावं, त्यातली खरी ९. अर्ध्याहून जास्त चुकीची, आणि चाचणीचा काही दोष नाही! म्हणून चाचणी फक्त 'इथे थांबून नीट बोल' एवढंच सांगते. हे गणित ज्याला कळलं तो वस्तीत शिबिर घेऊन "५० रुग्ण सापडले" अशी बातमी छापून आणत नाही.

लोकांची भाषा शिका, ती अभ्यासक्रमात नाही

'मला उदास वाटतं' असं वाक्य घेऊन आमच्याकडे फारसं कोणी येत नाही. येतं ते असं: जीव लागत नाही. घर खायला उठतं. डोकं गच्च झालंय. छातीत धस्स होतं. हातापायातलं बळ गेलं. मन उडालं. बाहेरचं काहीतरी असावं. ह्यांची वही करा. ऐकलेलं वाक्य, कोणी म्हटलं (वय, गाव, नाव नको), आणि त्यांना त्यातून नेमकं काय म्हणायचं होतं ते विचारून. पुण्यात शिकलेल्या मुलाला 'रातच्याला भेव वाटतं' हे खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात वेगवेगळ्या सुरात ऐकू येईल.

दोन शब्द मात्र आजच लक्षात ठेवा. पहिला, 'औषध'. शेतकरी घरात औषध म्हणजे फवारणीचं कीटकनाशक. "त्याने औषध घेतलं" हे वाक्य ऐकून "कुठल्या डॉक्टरचं?" असं विचारणारा नवखा समुपदेशक मी पाहिला आहे. समोरची आई नुसती बघत राहिली.

दुसरा, 'वहिनी'. नवऱ्याची तक्रार सांगायला आलेल्या बाईला आपण सवयीने वहिनी म्हणतो. वहिनी म्हणजे भावाची बायको. म्हणजे तोंड उघडताच तुम्ही नवऱ्याच्या बाजूचे झालात. ताई म्हणा, वयाने मोठ्या असतील तर मावशी म्हणा.

'बाहेरचं' म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका. "देवाचं करायचं ते करा, सोबत डॉक्टरांची गोळी पण चालू ठेवा" एवढ्यावर बहुतेक घरं तयार होतात. पण साखळीने बांधणं, चटके, मारहाण दिसली तर ते श्रद्धेत मोडत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांसाठी आहे.

ऐकण्याचा सराव: रोज दहा मिनिटं

मैत्रिणीला समोर बसवा. तिने खरी, पण फार जड नसलेली अडचण सांगायची. तुमच्यावर तीन बंधनं. 'का' ने सुरू होणारा प्रश्न नाही, कारण "का केलंस?" हे आपल्याकडे शाळेपासून दरडावणंच असतं. त्याऐवजी "मग काय झालं?" "तेव्हा कोण होतं घरात?" दुसरं, "काळजी करू नको, होईल सगळं ठीक" हे वाक्य बंद. तिसरं, स्वतःची गोष्ट सांगायची नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत तिन्ही नियम मोडाल. पंधरा दिवसांनी गप्प बसता येऊ लागेल.

आणि एक प्रश्न मोठ्याने म्हणून बघा, आरशासमोर, अडखळणं जाईपर्यंत: "एवढं सगळं झाल्यावर कधी असं वाटतं का, की जगूच नये? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत खोटी आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उत्तर 'हो' आलं तर लगेच पुढचे प्रश्न: कसं करायचं ठरवलंय, ते साधन घरात आहे का. फवारणीचा डबा घरात असेल तर तो आजच्या आज शेजारच्याकडे किंवा कुलपात गेला पाहिजे. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि तुमच्या वरिष्ठांना तेव्हाच फोन करायचा. घरी जाऊन अहवालात लिहिणं म्हणजे उशीर.

क्षेत्रकार्य स्वतःहून सुरू करा

बीए मानसशास्त्राला बऱ्याच ठिकाणी नाममात्र भेटी असतात. बस करून एखाद्या संस्थेत जायचं, फोटो, केळी वाटप, परत. त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातली एकच अर्धी दुपार, पण सलग सहा महिने, एकाच ठिकाणी द्या. वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, वस्तीतली अभ्यासिका, काहीही. संस्थेला पत्र लिहिताना "मला शिकायचं आहे" एवढंच लिहू नका. "मी दर बुधवारी २ ते ५ येईन, मुलांचा अभ्यास घेईन, नोंदी टाइप करून देईन" असं लिहा. संस्थांना पाहुण्यांचा कंटाळा आलेला असतो, हात हवे असतात.

वही दोन पानी ठेवा. डावीकडे घडलं ते, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे तुमच्या मनात काय आलं ते. माझ्या जुन्या वहीतलं एक पान:

डावीकडे: आजी म्हणाल्या, "पोरगा गेल्यापासून दिवाळीला दार उघडं ठेवत नाही मी."

उजवीकडे: मी लगेच विचारलं, "नातू कितवीला आहे?" विषय बदलला. त्यांना बोलायचं होतं. मलाच ऐकवेना.

अशी तीस पानं झाली की तुम्ही कुठे पळता ते तुमचं तुम्हाला दिसतं. एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीत ही पानं प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात. नावं-गावं मात्र बदलूनच लिहायची, आणि वही बसमध्ये विसरायची नाही. (मी विसरले आहे. एसटीच्या कंट्रोल रूममध्ये दोन तास बसून मिळवली, आणि तेव्हापासून नावांऐवजी झाडं लिहिते: कडुनिंब आजी, बाभूळ काका.)

कायदे आणि योजना: सुट्टीत करायचा अभ्यास

मानसशास्त्राचे विद्यार्थी ह्यात कच्चे असतात आणि मुलाखतीत इथेच अडकतात. मूळ कायदा मराठीत मिळवा आणि कलमं पाठ न करता एकेका प्रसंगातून वाचा.

बाल न्याय कायदा, २०१५: रस्त्यावर सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. समितीने सांगितल्यावर सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. तो अहवाल लिहिणं हीच तुमच्या मानसशास्त्राची खरी परीक्षा: घर, शेजार, शाळा, मुलाचं म्हणणं, सगळं चार पानांत.

पॉक्सो, २०१२: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकालाही सूट नाही. म्हणून 'तू सांगितलेलं कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नका. सुरुवातीलाच सांगा: "तुला कोणी इजा करत असेल तर ते मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण आधी तुला सांगून."

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षा नव्हे तर मदत द्यायची असं सांगतो. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आणि अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हेही ह्याच यादीत. दुसऱ्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजार येतो आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बरेच लाभ मिळतात, हे कित्येक घरांना कोणी सांगितलेलंच नसतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज एकदा तरी कुणासोबत तहसीलला जाऊन स्वतः भरा. रांगेत उभं राहून जे कळतं ते दुसरीकडे कळत नाही.

पदवीनंतर: एमए की एमएसडब्ल्यू?

मोबाइलमधला तो रकाना परत काढा. बालसंरक्षण, विशेष कक्ष, वस्तीतलं काम हवं असेल तर एमएसडब्ल्यू करा. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि अभ्यासक्रमातच क्षेत्रकार्य असतं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. टाटा संस्थेचा एक परिसर तुळजापूरलाही आहे. बीएला मानसशास्त्र आणि मग एमएसडब्ल्यू ही जोडी माझ्या मते ह्या क्षेत्रासाठी सगळ्यात भक्कम.

मनोरुग्णालयात 'मनोविकार समाजकार्यकर्ता' व्हायचं असेल तर २०१७ च्या कायद्याने त्याची व्याख्याच दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. नुसतं एमए मानसशास्त्र करून हे पद मिळत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी हवी. एम.फिल. देशभर बंद झाली असली तरी ह्या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची मंजूर संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. एजंटचं ऐकून नाही.

आणखी एक बदल बऱ्याच जणांना माहीत नाही. नोकरी करत दूरस्थ पद्धतीने एमए मानसशास्त्र करायचं, हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. अजूनही कोणी असा नवा प्रवेश देऊ करत असेल तर आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर खात्री करा. तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्या मुलींना ह्याचा फटका बसतो, ते मला पटलेलं नाही, पण नियम आहे तो आहे.

'समुपदेशक' ह्या शब्दावर मात्र आजही फारसा पहारा नाही. आठवडाभराच्या कोर्सनंतर पाटी लावणारे आहेत. तुम्ही पाटी लावू नका.

पहिली नोकरी

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मानधन उशिरा येऊ शकतं, दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून रुजू व्हा. सही करण्याआधी विचारायचे प्रश्न: एका वेळी किती केसेस असतील? गृहभेटीचा प्रवासखर्च मिळतो का? एकटीने जायचं की सोबत कोणी असतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडलेल्या केसबद्दल महिन्यातून एकदा तरी कोणासोबत बसून बोलता येईल? "आमच्याकडे तशी पद्धत नाही" असं उत्तर आलं तर नोकरी सोडायलाच हवी असं नाही, पण बाहेरचा एखादा अनुभवी माणूस स्वतः शोधून ठेवा. जुने शिक्षक चालतील. मी माझ्या क्षेत्रकार्याच्या मॅडमना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करायचे. त्या सल्ला क्वचितच द्यायच्या, बहुतेक वेळा "मग तू काय म्हणालीस?" एवढंच विचारायच्या.

कामासाठी वेगळं सिम घ्या. स्वतःचा नंबर दिलात तर रात्री अकराला फोन येईल आणि तुम्ही उचलाल. एकदा उचलला की रोज उचलावा लागेल, आणि ज्या रात्री नाही उचलणार त्या रात्रीचं ओझं वर्षभर राहील. त्याऐवजी पहिल्याच भेटीत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: मन फार घाबरं झालं तर टेली-मानस १४४१६, मारहाण होत असेल तर ११२, मुलाचं काही असेल तर १०९८. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून ते आकडे तुमच्यासमोर एकदा वाचून घ्या.